इंग्लंडचा समुद्रकिनारा आणि खेडी : गाडीशिवाय, पायी आणि सावकाश पाहता येतील का?

रानजाई :

नमस्कार. माझे वय ६२ आणि यजमानांचे ६६. आमची मुलगी रेडिंगला असते आणि मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आमचा मुक्काम तिच्याकडे आहे. याआधी दोनदा गेलो तेव्हा लंडनची संग्रहालये, राजवाडे, बाथ, ऑक्सफर्ड असे सगळे पाहून झाले. पण दोन्ही वेळी परतल्यावर मनात घोळत राहिले ते वेगळेच. आगगाडीच्या खिडकीतून झुडपांच्या कुंपणांनी आखलेली हिरवी शेते दिसत होती आणि त्या शेतांमधून पाठीवर पिशवी व हातात काठी घेतलेली माणसे निवांतपणे चाललेली असत. ती कुठे निघाली होती, दुसऱ्याच्या शेतातून जाताना त्यांना कोणी हटकत कसे नव्हते, हे विचारायचे राहूनच गेले.

या खेपेस दहा-अकरा दिवस केवळ समुद्रकिनारा आणि ग्रामीण भाग यांसाठी राखून ठेवायचे असे आम्ही ठरवले आहे. मुलगी-जावई नोकरीमुळे बरोबर येऊ शकणार नाहीत आणि आम्ही दोघेही तिथे गाडी चालवणार नाही. माझा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर दिवसाला सहा-सात किलोमीटर मी आनंदाने चालते, पण उंच पायऱ्या आणि तीव्र उतार झेपत नाहीत. आम्ही शाकाहारी आहोत.

ज्यांनी हा प्रदेश पायी पाहिला आहे त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की आमच्यासारख्यांनी कोणता भाग निवडावा, केवळ रेल्वे आणि बसच्या भरवशावर हे जमेल का, आणि शेतातल्या त्या वाटांवरून परक्या माणसाने चालणे खरोखर चालते का. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला हवे आहेत ते प्रत्यक्ष चाललेल्या माणसांचे अनुभव, मग ते चांगले असोत वा वाईट.

पाऊलवाट :

रानजाई काकू, नमस्कार. मी चौदा वर्षांपासून शेफील्डला राहतो आणि बहुतेक रविवारी जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात चालायला जातो. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते एकदा नीट समजले की या देशात चालण्याची भीड चेपते.

शेतातून जाणाऱ्या त्या वाटा शेतकऱ्याच्या मेहेरबानीवर चालू नाहीत. जमीन त्याची असली तरी वाटेवरून ये-जा करण्याचा हक्क सर्वांचा आहे, आणि ‘सर्वांचा’ यात आपणही आलो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. त्यांची नोंद स्थानिक कौंटीच्या अधिकृत नकाशात असते. १९९० च्या कायद्यानुसार शेतकऱ्याने वाटेवर नांगर फिरवला तर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि शेताच्या मधून जाणारी पायवाट किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवावी लागते. मे महिन्यात गव्हाच्या हिरव्यागार शेतातून भांग पाडल्यासारखी सरळ रेघ गेलेली दिसते, ती याचमुळे. पहिल्या वर्षी अशा पिकातून चालताना मी सारखा मागे वळून बघत असे. एकदा समोरून खुद्द शेतकरीच आला, त्याने हवेची चौकशी केली आणि पुढची वाट ओढ्याजवळ ओली आहे, डावीकडून जा, असे सांगून तो निघून गेला. त्या दिवसानंतर मागे पाहणे थांबले.

माळरान, डोंगर आणि गायरानांवर मनसोक्त फिरण्याचा हक्क मात्र सहजी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी, पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउट हे पठार केवळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले असताना, शेकडो कामगार तरुण बंदी मोडून त्यावर चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २००० सालच्या कायद्याने नकाशात दाखवलेल्या मोकळ्या जमिनीवर वाट सोडूनही फिरण्याची मुभा मिळाली. मी राहतो तिथून एडेलला जाणारी गाडी पकडली की किंडरच्या पायथ्याशीच उतरता येते. तो चढ तुमच्या गुडघ्यासाठी नाही, पण स्थानकापासून दरीच्या तळाने जाणाऱ्या वाटाही तितक्याच सुंदर आहेत.

वाट ओळखण्याची खूण सोपी आहे. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त पायी चालणाऱ्यांची, आणि निळा असेल तर तिथून घोडेस्वार व सायकलस्वारही जातात. मोठ्या राष्ट्रीय पायवाटांवर ओक वृक्षाच्या फळाचे चिन्ह असते. तरीही बाणांवर विसंबू नका आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी वेष्टनाचा ‘एक्स्प्लोरर’ नकाशा विकत घ्या. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर असतो आणि शेताशेतांची कुंपणेसुद्धा दाखवलेली असतात, त्यामुळे वाट कुंपणाच्या अलीकडून आहे की पलीकडून इतके बारीक कळते. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटीने आल्या असतील त्या बाजूला तुम्ही जाऊ नका, एवढे पथ्य पाळले तरी गुडघा वाचेल.

गुडघ्यावरून आठवले. कुंपण ओलांडण्याच्या दोन सोयी असतात. एक ‘स्टाइल’, म्हणजे आडव्या ठोकलेल्या दोन फळ्या. त्यांवर चढून पाय पलीकडे टाकावा लागतो. दगडी गडग्यात तर भिंतीतूनच बाहेर काढलेल्या अरुंद चिपा पायरी म्हणून असतात. तुम्हाला याच ठिकाणी त्रास होईल, चालण्याने नव्हे. दुसरी सोय ‘किसिंग गेट’. अर्धवर्तुळाकार कठड्यात एकच झडप मागेपुढे हलते, आपण आत शिरायचे, झडप मागे ढकलायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचे. माणूस जातो, जनावर अडते. वाट निवडताना तिथे स्टाइल किती आहेत हे पर्यटन केंद्रात आवर्जून विचारा.

गुरांबद्दल एक कळकळीची सूचना. पाच वर्षांपूर्वी वाट थेट कळपातून जाते म्हणून मीही हट्टाने थेट गेलो आणि एक गाय व तिचे वासरू यांच्या बरोबर मध्ये आलो. ती मान खाली घालून धावत आली तेव्हा गडग्यावरून उडी टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि मनगटाचे हाड मोडले. वासरे बरोबर असतील तर कळपाला लांबून वळसा घाला. त्यासाठी वाट सोडावी लागली तरी बेलाशक सोडा.

उधाण :

पाऊलवाट यांनी जमिनीबद्दल लिहिले आहे, मी पाण्याबद्दल लिहितो. माझी शिफारस ईशान्य इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याची. दोन वेगवेगळ्या वर्षी मिळून मी तिथे सोळा दिवस काढले आहेत, दोन्ही वेळा गाडी नव्हती.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघून बेरिक-अपॉन-ट्वीड येथे उतरावे. न्यूकॅसल ते बेरिक अशी किनाऱ्यालगतच्या गावांतून जाणारी एक्स १८ क्रमांकाची बस आहे. क्रास्टर, सीहाउसेस, बॅम्बरा ही सगळी गावे तिच्याच वाटेवर आहेत. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये बहुतेक स्थानिक बसचे एका फेरीचे भाडे ३ पौंडांपुरते मर्यादित आहे, त्यामुळे लांबचा पल्लाही महाग पडत नाही. क्रास्टरच्या धक्क्यापासून डन्स्टनबरा किल्ल्यापर्यंतची वाट ताईंनी मुळीच चुकवू नये. सुमारे दोन किलोमीटर अंतर, पायाखाली मेंढ्यांनी चरून गालिच्यासारखे केलेले गवत, उजव्या हाताला काळ्या खडकांवर फुटणारा समुद्र आणि समोर १३१३ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याचे दोन उंच, भग्न बुरूज. चढ फक्त अगदी शेवटी, तोही बेताचा.

सीहाउसेसहून होडीने फार्न बेटांवर जाता येते. मे-जून हा तिथल्या पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. रंगीत चोचीचे पफिन बिळांतून डोकावताना हाताच्या अंतरावर दिसतात. त्यांपैकी इनर फार्न या बेटावर उतरणार असाल तर जाड टोपी घालाच, कारण सुरय जातीचे पक्षी अंडी वाटेच्या कडेलाच घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात.

आता लिंडिसफार्न, म्हणजेच होली आयलंड. इ. स. ६३५ मध्ये संत एडन यांनी तिथे मठ स्थापला आणि ७९३ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी तो उद्ध्वस्त केला. बेटावर जाणारा रस्ता समुद्राच्या तळावरून जातो आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली बुडतो. सुरक्षित वेळांचा तक्ता नॉर्थम्बरलंड कौंटी कौन्सिल प्रसिद्ध करते आणि रस्त्याच्या तोंडाशीही तो लावलेला असतो. बेरिकहून जाणाऱ्या बसचे वेळापत्रकसुद्धा भरतीनुसार बदलते. वाटेत लाकडी खांबांवर उभारलेली एक पांढरी खोली दिसते. पाण्यात सापडलेल्या माणसाने शिडीने वर चढून सुटकेची वाट पाहावी म्हणून ती बांधली आहे. मी ओहोटीत तिच्याखाली उभा राहून वर पाहिले, तर खोलीचा तळ माझ्या डोक्याच्या बराच वर होता आणि खांबांना शेवाळ चिकटलेले होते. पाणी कुठवर येते हे मला तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा त्या शेवाळाने अधिक नीट सांगितले.

बहुतेक लोक रस्ता मोकळा असतानाच येऊन परततात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की बेटावर एक रात्र तरी राहावे. शेवटची गाडी गेली, पाणी चढून रस्ता दिसेनासा झाला, की बेट खऱ्या अर्थाने बेट होते. संध्याकाळी मठाच्या लाल दगडी भग्नावशेषांपाशी बसलो असताना दूरच्या वाळूच्या पट्ट्यांवरून सीलचा आवाज येत होता, एखादा माणूस लांबून हुंकार देत असावा तसा. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. दोन तास मी जागचा हललो नाही.

भरतीचा हिशेब मात्र गंभीरपणे घ्यावा. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. मीही तसाच वाढलो. तो आडाखा इथे लावू नये, कारण इंग्लंडच्या प्रत्येक बंदराची वेळ निराळी आहे आणि शेजारच्या दोन गावांतही फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी), एवढा नियम तेवढा सारखा. उधाणाच्या दिवशी ब्रिस्टलच्या खाडीत पाण्याची पातळी सुमारे १२ मीटर चढते-उतरते, आणि उत्तर-पश्चिमेच्या मोरकॅम्ब उपसागरात तर विस्तीर्ण वाळूत रुतवणाऱ्या जागा आहेत. तिथे वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचे नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. यॉर्कशायरमधल्या रॉबिन हुड्स बे या गावातून मी कड्याच्या पायथ्याने, वाळू-खडकांवरून बॉगल होलकडे निघालो होतो. काही तक्ते ग्रिनिचच्या वेळेत असतात आणि उन्हाळ्यात इथली घड्याळे तासभर पुढे असल्यामुळे त्यांत एक तास मिळवावा लागतो, हे मला ठाऊक होते. हाती असलेल्या तक्त्यात तो तास आधीच धरलेला होता आणि मी न वाचताच आणखी एक मिळवला. परिणामी ओहोटी संपून पाणी फिरले तेव्हा माझ्या हिशेबाने अजून तासभर हाताशी होता. परतताना कड्याचा एक पुढे आलेला कोपरा गुडघाभर पाण्यातून ओलांडावा लागला, आणि लाट परतताना पायांखालची वाळू अशी ओढत होती की दोन्ही हातांनी कडा धरून उभे राहावे लागले. कड्यावरून जाणारी क्लीव्हलंड वे ही पायवाट तिथे आहेच. मी तिने यायला हवे होते. तक्त्याच्या तळाशी वेळ कोणती धरली आहे ते वाचा, आणि वाळूवरून जायचेच तर ओहोटी लागताना निघून पाणी फिरण्याआधी परत या. कोणी संकटात दिसले तर ९९९ वर फोन करून ‘कोस्टगार्ड’ हवे असे सांगायचे असते.

शाळिग्राम :

मी भूगोल आणि भूशास्त्र शिकवत असे. रेडिंगहून निघणाऱ्यांनी उत्तरेला इतके लांब जाण्याआधी दक्षिणेकडील ज्युरासिक कोस्टचा विचार करावा असे मला वाटते. बेसिंगस्टोकला गाडी बदलली की एक्झिटरच्या मार्गावरील ॲक्समिन्स्टर स्थानकावर उतरता येते आणि तिथून बसने लाइम रेजिसला.

डेव्हनमधील एक्समथपासून डॉर्सेटमधील स्टडलंडपर्यंतचा हा सुमारे १५५ किलोमीटरचा किनारा २००१ मध्ये जागतिक वारसा झाला. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसे खडक सर्वसाधारणपणे तरुण होत जातात आणि एकंदर साडेअठरा कोटी वर्षांचा काळ पायाखालून सरकतो. लाइमचे कडे हे चुनखडी आणि चिखलदगड यांचे एकाआड एक थर आहेत, रचून ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. मऊ थर पावसाने भिजून घसरतो, वरचा कठीण थर आधार गेल्याने कोसळतो, आणि त्या राड्यारोड्यातून समुद्र दर हिवाळ्यात नवे जीवाश्म धुऊन काढतो. किनारा ढासळतो म्हणूनच तिथे जीवाश्म सापडतात.

गावाच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर ओहोटीत एक सपाट फरसबंदी उघडी पडते आणि तिच्यात परातीएवढे अमोनाइट, म्हणजे वळ्यांचे कवच असलेल्या प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, जागच्या जागी रुतलेले दिसतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाकून त्यांच्या वळ्यांवरून बोट फिरवले. गंडकीच्या पात्रातले जे शाळिग्राम आपण देवघरात ठेवतो तेही अमोनाइटच. आजीच्या देवघरातला तो काळा गुळगुळीत दगड आणि पायाखालची ही वळी एकाच प्रकारच्या प्राण्याची आहेत, हे वर्गात मी अनेकदा सांगितले होते, पण ते हाताला कळले तिथे. बीचवरचे दगडगोटे ओबडधोबड आहेत, ताईंनी काठी घ्यावी आणि जिथवर सोयीचे वाटेल तिथवरच जावे.

याच गावात १७९९ मध्ये मेरी ॲनिंग जन्मली. वडील सुतारकाम करीत आणि ती लहान असतानाच वारले. जीवाश्म विकून घर चाले. १८११-१२ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी आणि तिला उरलेला सांगाडा सापडला, १८२३ मध्ये तिने प्लीसिओसॉर या तशाच दुसऱ्या प्राण्याचा पूर्ण सांगाडा शोधला, आणि तरीही लंडनच्या भूशास्त्र संस्थेचे दार स्त्री म्हणून तिला बंद राहिले. गावचे संग्रहालय तिच्या जन्मघराच्या जागेवर उभे आहे. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कडे आजही तसेच कोसळतात. पायथ्याशी बसून डबा खाऊ नये, कड्यावर हातोडी चालवू नये. वाळूत सुटे पडलेले तेवढे पाहावे आणि वेचावे. चारमथ येथील हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जाणकार मार्गदर्शकांबरोबर जीवाश्म शोधायला नेतात, भरतीची वेळ तेच सांभाळतात.

आणखी पूर्वेला चेसिल बीच हा सुमारे २९ किलोमीटरचा गोट्यांचा बांध आहे. वेस्ट बेकडे वाटाण्याएवढे असणारे गोटे पोर्टलंडपर्यंत मुठीएवढे होतात. अंधारात किनाऱ्याला लागलेले कोळी गोट्याच्या आकारावरून आपण कुठे आलो ते ओळखत, असे तिथे सांगतात. डर्डल डोअरची कमान प्रसिद्ध आहे आणि ती आहेही भव्य, पण तिथे जाणारी वाट खड्या उतारांची आणि पायऱ्यांची आहे. तुम्ही ती गाळावी.

रानजाई :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी दोनदा वाचून काढले आणि यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांचे मन फरसबंदीतल्या अमोनाइटवर जडले आहे आणि माझे पाण्याने वेढलेल्या बेटावरच्या त्या संध्याकाळवर. अकरा दिवसांत दोन्ही टोके गाठणे धावपळीचे होईल का? मेचा शेवटचा आठवडा सोयीचा वाटतो आहे. आणि खेड्यांत शाकाहारी जेवणाचे काय होते?

धुकेरी :

रानजाई ताई, माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडते. दोन टोके गाठू नका. मी आईला घेऊन वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या प्रदेशातील केझिक या एकाच गावात आठ दिवस राहिले. आईचे वय तेव्हा ७० होते आणि तिचेही गुडघे दुखत. तीन दिवस सलग पाऊस पडला. या प्रदेशात सीथवेट नावाची वस्ती आहे, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. पण एकाच जागी असल्यामुळे आमचे काही बुडाले नाही. डरवेंटवॉटर तळ्याच्या काठची फ्रायर्स क्रॅगपर्यंतची सपाट वाट आम्ही पाच वेळा चाललो. पहिल्या दिवशी पलीकडचे डोंगर दिसलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी फक्त पायथे दिसले, आणि पाचव्या दिवशी ढग उचलल्यावर सगळी रांग पाण्यात उलटी उतरली तेव्हा आई काही न बोलता माझा हात धरून उभी राहिली. एक दिवस राहून निघालो असतो तर आम्ही धुके पाहून परतलो असतो.

गुडघेदुखीसाठी हा भाग फार सोयीचा आहे. राष्ट्रीय उद्यानाने स्टाइल नसलेल्या वाटांची वेगळी यादीच केली आहे. केझिक ते थ्रेलकेल्ड ही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची सुमारे पाच किलोमीटरची वाट २०१५ च्या पुरात वाहून गेली होती, ती दुरुस्त होऊन २०२० च्या अखेरीस खुली झाली. नदी कितीदा तरी पुलांवरून ओलांडत जाणारी, जवळजवळ सपाट. तळ्यातील लाँच ठिकठिकाणच्या धक्क्यांना लागते, त्यामुळे दोन धक्क्यांमधले अंतर चालायचे आणि दमलो की पुढच्या धक्क्यावर लाँच पकडायची. विंडरमियर स्थानकापासून ग्रासमियरमार्गे केझिकला ५५५ क्रमांकाची बस येते.

जेवणाचे म्हणाल तर उपाशी राहण्याची वेळ येत नाही, पण घड्याळ पाळावे लागते. खेड्यातील पबचे स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होते आणि त्यानंतर विनंती करूनही काही मिळत नाही. बीन्स किंवा चीज घातलेला भाजलेला बटाटा, भाजीचे सूप आणि पाव, चीज सँडविच हे जवळपास सगळीकडे असते. सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारा. उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, चिप्स पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत तळतात. आईला हे पहिल्या दिवशी एका दुकानात खाऊन झाल्यावर कळले आणि तिला फार वाईट वाटले. तुम्ही आधीच विचारा, दुकानदार खरे सांगतात. गावाबाहेरच्या फाटकांपाशी अंडी, जॅम किंवा रोपे मांडून शेजारी पैशांचा डबा ठेवलेला असतो. तिथे माणूस नसतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा.

पाऊलवाट :

काकू, धुकेरी यांचे ‘एकाच जागी राहा’ हे म्हणणे मला पटते, पण तुम्हा दोघांची मने दोन ठिकाणी अडकली असताना तिसरीकडे जा असे मी सांगणार नाही. तुमच्याकडे मुलीचे घर हा पक्का तळ आहे आणि सहा आठवडे आहेत. अकरा दिवस सलग काढण्याऐवजी त्यांचे दोन भाग करा. आधी लाइम रेजिसला चार रात्री, मग रेडिंगला परतून आठवडाभर विश्रांती, आणि नंतर नॉर्थम्बरलंडला सात रात्री, त्यांतल्या दोन बेटावर. बेटावर राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, म्हणून ती तारीख सर्वांत आधी पक्की करा आणि बाकीचे त्याभोवती बसवा.

मेचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते आणि त्याच आठवड्यात शाळांनाही सुट्टी असते. किनाऱ्यावर खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर चढलेले असतात. जूनचा पहिला आठवडा उलटला की गर्दी ओसरते. साठीनंतर मिळणारे सीनियर रेलकार्ड दोघांनीही काढा, ते परदेशी पाहुण्यांनाही मिळते आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट देते. लांबच्या प्रवासाची आगाऊ तिकिटे स्वस्त असतात, पण ती ठरलेल्या गाडीलाच चालतात. रविवारी खेड्यांतल्या बस कमी असतात, काही मार्गांवर नसतातच. त्या दिवशी चालून परत येता येईल असाच बेत ठेवा.

मधल्या विश्रांतीच्या आठवड्यात पाय शिवशिवले तर एक रात्र दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्डला जाऊन सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे पाहून या. रेडिंगहून गॅटविकला थेट गाडी आहे, त्यामुळे लंडनमध्ये शिरावे लागत नाही. कड्यांच्या माथ्यावरची वाट सात चढ-उतारांची आहे, ती यजमानांना जाऊ द्या. तुम्ही जवळच्या एक्सीट या वस्तीपासून ककमियर नदीच्या वळणांच्या कडेने समुद्रापर्यंत जा. सुमारे अडीच किलोमीटर, सबंध सपाट, आणि शेवटी खडूचे कडे एकामागून एक उभे. कड्याच्या काठावर कोणीही जायचे नाही, कारण खालून पोखरलेला भाग वरून दिसत नाही. सीफर्डहून ईस्टबोर्नकडे जाणाऱ्या १२ क्रमांकाच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर उजव्या बाजूला बसा. एक्सीटच्या पुलाआधी बस उतरणीला लागते तेव्हा ती सगळी नागमोडी नदी समुद्रापर्यंत एका नजरेत दिसते.